लॅपटॉपचं वायफाय सारखं तुटतंय, कार्ड बदलायचं का? आधी दोन आकडे बघा

ताईचा लॅपटॉप २०१८ चा, आय-थ्रीवाला. डोंबिवलीत असते ती, आणि गेलं वर्षभर एकच तक्रार की संध्याकाळी सात वाजले की वायफाय मरतं. मरतं म्हणजे कनेक्टेड दिसतं, दांड्या सगळ्या भरलेल्या दिसतात पण पान उघडत नाही, गोल गोल फिरत राहतं, आणि ती घरून अकाउंट्सची कामं करते त्यामुळे जीएसटीच्या २० तारखेच्या आदल्या रात्री पोर्टल मधेच लॉगआउट करतं आणि सगळं परत भरायचं. रीस्टार्ट केलं की दहा-पंधरा मिनिटं बरं चालतं, मग परत तेच. भाऊजींनी प्लॅन ४० वरून १०० चा केला, काही फरक नाही. राउटर बदलून घेतला, आठवडाभर बरं वाटलं, परत तेच. मग कुणीतरी सांगितलं की लॅपटॉपच्या आतलं वायफाय कार्ड गेलंय, नवीन टाका, आणि ताईचा फोन, "टाकू का रे कार्ड? हजार-दोन हजाराचंच आहे म्हणे."

मी म्हटलं थांब, शनिवारी येतो, तोपर्यंत काही घेऊ नकोस.

हे सगळं लिहितोय कारण हाच प्रश्न मला वर्षभरात चार-पाच जणांनी विचारला आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं निघालं. लक्षणं सगळ्यांची सारखीच असतात, "स्लो आहे, तुटतं, रीस्टार्ट केलं की चालतं". कार्ड बदलायचं की नाही हे स्पीडटेस्टवर ठरवू नका, ते दोन आकड्यांवर ठरतं. एक, लॅपटॉप ते राउटर एवढ्याच अंतरात पिंग (छोटा निरोप जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ) किती येतो, आणि दोन, लिंक स्पीड (लॅपटॉप आणि राउटरमध्ये ठरलेला वेग, एमबीपीएसमध्ये) किती दिसतो. स्पीडटेस्टमध्ये लाइन, राउटर, हवा, कार्ड सगळं एकत्र मिसळलेलं असतं, त्यातून कुणाची चूक ते कळत नाही.

पिंग असा बघायचा. कमांड प्रॉम्प्ट उघडा, इंग्रजीत ping लिहा, स्पेस, राउटरचा पत्ता (राउटरच्या खाली स्टिकरवर असतो, बहुतेक १९२.१६८.१.१ नाहीतर १९२.१६८.०.१), परत स्पेस, मग डॅश आणि टी (-t). ते आता बंद करेपर्यंत चालू राहतं. दुसरी तशीच खिडकी उघडून त्यात ८.८.८.८ ला (हा गुगलचा सर्व्हर, म्हणजे घराबाहेरचं इंटरनेट) पिंग लावा. दोन्ही शेजारी शेजारी ठेवा आणि ज्या वेळी, ज्या टेबलवर त्रास होतो त्याच वेळी, त्याच टेबलवर बसून पाच-दहा मिनिटं नुसतं बघत बसा. दुपारी हॉलमध्ये बसून केलेल्या टेस्टचा काही उपयोग नाही. राउटरचा पिंग २, ३, ५ मिलिसेकंद असा शांत आणि ८.८.८.८ चा मात्र उड्या मारतोय, मधेच तुटतोय, तर दोष लाइनचा आहे, कंपनीला फोन करा, कार्डाला हात लावू नका. राउटरचाच पिंग उड्या मारत असेल तर गडबड घरातच आहे आणि मग पुढचं वाचा.

ताईकडे शनिवारी रात्री आठ वाजता बेडरूममध्ये राउटरचा पिंग असा आला: ४, ३, २१२, ८७०, रिक्वेस्ट टाइम्ड आउट, ५, ६४०. मधे तीन सेकंद बरा, परत हजाराच्या घरात. तिच्याच टेबलवर माझा मोबाइल ठेवून स्पीडटेस्ट केली तर ८८ एमबीपीएस. म्हणजे लाइन ठीक, राउटर ठीक, प्लॅन तर ठीकच, भाऊजींनी प्लॅनचे पैसे उगाच वाढवले.

आता इथेच बरेच जण "बघा, कार्डच गेलंय" म्हणून ऑर्डर टाकतात. मीही टाकणार होतो, पण टेबलवर एक गोष्ट दिसली. लॅपटॉपच्या डाव्या बाजूला निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये बाहेरची हार्ड डिस्क लावलेली. ताई रोज संध्याकाळी काम संपत आलं की बॅकअप लावते आणि मग पोर्टलवर अपलोड करत बसते. म्हटलं ही डिस्क कधीपासून आहे, तर म्हणाली वर्ष झालं असेल, दिवाळीत घेतली. यूएसबी ३ च्या केबलमधून जो डेटा पळतो त्याचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे वायफायच्या जुन्या रेडिओ पट्ट्यात पडतो, इंटेलने २०१२ मध्येच यावर एक टेक्निकल पेपर काढलेला आहे. डिस्क चालू असताना वायरलेस माउस अडकत असेल तर तेही बहुतेक याच्यामुळेच. डिस्क काढली आणि पिंग लगेच सुधारला, हजार-हजारच्या उड्या ऐंशी-शंभरवर आल्या. डिस्क परत लावली की परत उड्या. हे आम्ही चार वेळा केलं, कारण ताईचा विश्वास बसत नव्हता.

पण ऐंशी-शंभर म्हणजे पण बरं नाहीच ना. राउटर दोन भिंतींपलीकडे असताना २ ते १० यायला पाहिजे. म्हणून दुसरा आकडा बघितला.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग वायफाय, मग प्रॉपर्टीज, तिथे खाली जा. लिंक स्पीड, प्रोटोकॉल (वायफायची पिढी), नेटवर्क बँड (२.४ की ५ गिगाहर्ट्झचा पट्टा), चॅनल (त्या पट्ट्यातला एक भाग) सगळं लिहिलेलं असतं. ताईचं लिंक स्पीड ७२, प्रोटोकॉल वायफाय ४, बँड २.४. हा ७२ आकडा लक्षात ठेवा, कारण हा आकडा दिसला की अर्धं उत्तर मिळालं. एकच अँटेना वापरणारं एन (म्हणजे वायफाय ४ चं) कार्ड २० मेगाहर्ट्झच्या चॅनलवर जास्तीत जास्त ७२ चीच लिंक करतं, राउटरला चिकटून बसलात तरी ७२. आणि लिंकच्या साधारण अर्धाच स्पीड प्रत्यक्षात हाती येतो, म्हणजे पस्तीस-चाळीस, ते पण हवा मोकळी असेल तर. चॅनल मोठा केला, ४० चा केला तर कागदावर १५० होतात, पण बिल्डिंगमध्ये राउटर मुद्दाम २० वर उतरतात कारण जागाच नाही.

आणि डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये हवा कशी मोकळी असणार. मोबाइलवर वायफाय अ‍ॅनालायझर टाकून बघितलं तर बेडरूममधून २३ राउटर दिसत होते, जवळपास सगळे २.४ वर. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, त्यात २३ घरं. एका चॅनलवरचे सगळे एकमेकांची वाट बघतात, एक बोलत असेल तर बाकीचे गप्प. लोक सातला घरी येतात, टीव्हीवर काहीतरी लावतात, पोरं गेम खेळतात, आणि ताईच्या लॅपटॉपला बोलायला वेळच मिळत नाही. "सातला मरतं" ते यामुळे. मी चॅनल ६ चा ११ केला, दोन आठवडे छान चाललं, मग शेजारच्या कुणाचा तरी राउटर आपोआप ११ वर आला आणि परत तेच सुरू. म्हणून हा त्रास सुटल्यासारखा वाटतो आणि परत येतो. राउटर बदलल्यावर आठवडाभर बरं वाटलं होतं ते पण याचसाठी, नवीन राउटरने सुरुवातीला मोकळा चॅनल पकडला असणार.

माझा मोबाइल तिथेच ८८ देत होता कारण तो ५ गिगाहर्ट्झवर होता. ५ मध्ये चॅनल भरपूर आणि शेजारच्यांचा सिग्नल भिंती ओलांडून तुमच्यापर्यंत नीट येतच नाही, हाच त्याचा फायदा. लॅपटॉपला ५ चं नेटवर्क दिसतच नव्हतं. ही सगळ्यात सोपी खूण आहे: राउटरने ५ गिगाहर्ट्झचं वेगळं नाव दाखवलंय, मोबाइलला ते दिसतंय आणि लॅपटॉपच्या यादीत ते नाव नाहीच, तर बहुतेक कार्ड फक्त २.४ चं आहे. खात्री करायला डिव्हाइस मॅनेजरमधून कार्डाचं पूर्ण नाव घ्या आणि शोधून बघा. नावात नुसतं बीजीएन असेल तर जवळपास नक्कीच फक्त २.४. एसी (वायफाय ५) किंवा एएक्स (वायफाय ६) असेल तर त्यात ५ आहे आणि मग तुमचा प्रॉब्लेम वेगळा आहे, कार्ड अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये प्रिफर्ड बँड २.४ वर अडकलंय का ते बघा, तो ५ ला प्रेफर करा, दोन हजार वाचतील.

ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) आणि पॉवर सेव्हिंगचंही इथेच सांगून टाकतो. झोपेतून उठवल्यावर वायफाय गायब होत असेल, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह येत असेल, तर कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटच्या टॅबवर वीज वाचवायला हे बंद करू द्या अशी टिक असते ती काढा (काही नव्या लॅपटॉपमध्ये तो टॅब नसतोच). आणि शटडाउन करून चालू केलं म्हणजे मशीन ताजं झालं असं नाही, फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धं जुनंच परत उचलतं, खरं ताजं व्हायला रीस्टार्ट लागतो. ताईचं रीस्टार्टने बरं का व्हायचं? मला वाटतं निम्म्या वेळा रीस्टार्टच्या आधी ती हार्ड डिस्क काढून ठेवायची म्हणून.

मधे एक दुसरी केस सांगतो, कारण ती बरोबर उलटी आहे. शेजारचे काका, रिटायर्ड, लॅपटॉप चांगला, दोन अँटेनांचं एसी कार्ड, त्यांना दुकानात सांगितलं होतं कार्ड खराब, नवीन टाकावं लागेल. मी म्हटलं काका, लॅपटॉप घेऊन राउटरच्या शेजारी बसा बरं, हात लागेल इतक्या जवळ. तिथे बसूनही दोनच दांड्या. हे होऊच शकत नाही. विंडोज सिग्नल टक्क्यांत दाखवतं तेव्हा १०० टक्के म्हणजे उणे ५० डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप, उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमी), ५० टक्के म्हणजे उणे ७५, आणि राउटरच्या शेजारी बसून ९५ च्या वर यायलाच पाहिजे. त्यांचं ४५ येत होतं. विचारलं, लॅपटॉप मधे उघडला होता का, तर म्हणाले हो, तीन महिन्यांपूर्वी बिजागरी तुटली होती ती बसवून आणली.

मागचं कव्हर उघडलं तर कार्डावरून दोन्ही वायरी निघालेल्या. एक पंख्याच्या बाजूला लोंबत होती आणि एक नुसती कार्डावर टेकलेली, त्यामुळे तेवढा तरी सिग्नल येत होता. अँटेना बहुतेक स्क्रीनच्या कडेला असते, तिच्या वायरी बिजागरीतून खाली कार्डापर्यंत येतात, आणि टोकाला सोनेरी गोल बटण असतं, मोहरीच्या दाण्यापेक्षा जरासंच मोठं. ते कार्डावरच्या तेवढ्याच गोल खुंटीवर बरोबर मधोमध धरून वरून नखाने दाबायचं, टिक करून बसलेलं बोटाला कळतं. तिरकं दाबलं तर बटणाची कड वाकते आणि मग ते कधीच नीट धरत नाही. काकांच्या दोन्ही वायरी बसवल्या, सिग्नल ९९. खर्च शून्य. बिजागरी बदलल्यावर, पंखा साफ करून आणल्यावर, स्क्रीन बदलल्यावर वायफाय बिघडलं असेल तर कार्ड घ्यायच्या आधी ही वायर बघाच. बिजागरीत वायर चेपून तुटलेली असेल तर मात्र नवीन कार्डही तेवढंच रडेल, तिथे अँटेनाची वायरच बदलावी लागते.

परत ताईकडे. डिस्क बाजूला केली, चॅनल बदलला, तरी ७२ ची मर्यादाच आहे आणि तीही २३ घरांत वाटून. इथे कार्ड बदलणं बरोबर होतं. आता घेताना काय बघायचं, कारण इथे पैसे वाया जातात.

आधी बघा की कार्ड सुटं आहे की बोर्डवर डागलेलं. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये डागलेलं असतं, तिथे विषय संपला. सुटं असेल तर आकार बघा, २०१५-१६ नंतरच्या लॅपटॉपमध्ये बहुतेक एम डॉट टू, २२ बाय ३० मिलिमीटर, म्हणजे बावीस-तीस. त्याआधीच्यात अर्धं मिनी पीसीआय एक्सप्रेस असतं, त्याची वायरीची बटणं पण जरा मोठी असतात, एकमेकांत बसत नाहीत. मग बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर. काही जुन्या मशिनांत, विशेषतः २०१४-१५ पर्यंतच्या थिंकपॅडमध्ये आणि त्या काळातल्या काही एचपींमध्ये, बायोसमध्ये परवानगी दिलेल्या कार्डांची यादीच असते आणि बाहेरचं कार्ड लावलं की मशीन सुरू व्हायलाच नकार देतं. आपल्या मॉडेलचं नाव टाकून आधी शोधा.

इंटेलची कार्डं घेताना नंबर एक एक आकडा वाचून घ्या. एएक्स २०० आणि एएक्स २१० ही साध्या पीसीआय एक्सप्रेसच्या खाचेवर चालणारी, प्रोसेसर एएमडी कंपनीचा असो की जुना इंटेल, बहुतेक कुठेही चालतात. एएक्स २०१ आणि एएक्स २११ दिसायला अगदी तशीच, किंमतही कमी असते म्हणून लोक घेतात, पण त्यांच्यात कार्ड अर्धंच असतं, उरलेलं अर्धं काम इंटेलच्या प्रोसेसरच्या चिपसेटमध्ये असतं. ठराविक नव्या पिढीच्या इंटेल मशिनाशिवाय ती चालत नाहीत, एएमडीवर तर नाहीच नाही. शेवटचा एक शून्य की एक, एवढ्यावर दोन हजार पाण्यात. वायफाय ७ चं बीई २०० पण एएमडीच्या लॅपटॉपवर ओळखलं जात नाही असा अनुभव बऱ्याच जणांचा आहे, आणि घरात राउटर एसी असताना ७ चं कार्ड घेऊन करणार काय. ६ गिगाहर्ट्झचंही तेच, तुमचा राउटर ६ वर बोलत नसेल तर त्यासाठी जास्त पैसे देऊ नका. मी एएक्स २१० घेतलं ते फक्त एएक्स २०० त्या दिवशी मिळालं नाही म्हणून, सतराशेला.

या दोन्हींचे ड्रायव्हर विंडोज १० आणि ११ च्या ६४ बिटलाच आहेत. विंडोज ७ वर असाल तर ही कार्डं घेऊ नका. आणि महत्त्वाचं, वायफाय आणि ब्लूटूथ दोन्हीचे ड्रायव्हर आधीच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा, कार्ड बदलल्यावर नेट नसतं आणि मग मोबाइल केबलने जोडून धडपडत बसावं लागतं. ब्लूटूथ त्याच खाचेतल्या यूएसबीच्या पिनांवर चालतं, काही लॅपटॉपमध्ये त्या पिना जोडलेल्याच नसतात, तिथे वायफाय चालेल पण ब्लूटूथ येणार नाही.

मला खरी भीती होती ती वायरीची. एक अँटेनाच्या कार्डवाल्या स्वस्त लॅपटॉपमध्ये कंपनी बऱ्याचदा वायरही एकच टाकते, आणि मग दोन अँटेनांचं कार्ड लावून अर्धाच फायदा. तरी ५ गिगाहर्ट्झ मिळतो म्हणून तेवढाही पुरेसा असतो, पण आधी माहीत असलेलं बरं. म्हणून ऑर्डर करायच्या आधीच उघडून बघितला. मागचे स्क्रू, त्यातले दोन रबराच्या पायांखाली लपलेले, मग जुनं एटीएम कार्ड कडेला घालून हळूहळू फिरवत कव्हर सोडवलं. बॅटरीचा प्लग आधी काढला, हे विसरू नका. कार्डावर एकच काळी वायर. पण बाजूला काळ्या टेपखाली काहीतरी फुगलेलं दिसलं, टेप सोडवली तर पांढरी वायर, टोकाला छोटी पारदर्शक टोपी घालून गुंडाळून ठेवलेली. वरच्या मॉडेलसाठी असणार, आमच्या नशिबाने आमच्यात पण होती. ताई टॉर्च धरून उभी होती, म्हणाली, "म्हणजे सात वर्षं ही नुसती झोपलेली?"

कार्ड आलं, एक स्क्रू सोडला, जुनं तिरकं वर उचललं गेलं, नवीन घातलं, दोन वायरी, टिक टिक. पुढचे अर्धा तास ड्रायव्हर. ५ चं नेटवर्क यादीत आलं, हॉलमध्ये लिंक ८६६, जो राउटरचाच कमाल आकडा. बेडरूममध्ये मात्र लिंक १७३ वर आली आणि पिंग मधेच ४०. ५ भिंतीला कच्चं असतं, आणि राउटर ठेवलेला दरवाज्याजवळ कारण फायबरवाल्याने तिथेच खिळा ठोकला होता, आणि मधे लोखंडी कपाट. कपाट तर हलवता येत नाही, मग राउटरच पाच फूट सरकवला, पॅसेजच्या तोंडाशी, दीडशे रुपयांची फायबर पॅचकॉर्ड (जोडायची छोटी फायबर वायर) लागली. आता बेडरूममध्ये लिंक ३९० ते ५८५ च्या मधे असते, राउटरचा पिंग २ ते ६, स्पीडटेस्ट नव्वदच्या वर. राउटरचा ५ चा चॅनल ३६ वर पक्का केला, ऑटोवर ५२ ते १४४ मधले चॅनल पकडतो, ते रडारही वापरतात, आणि तिथे रडारचा संशय आला तरी राउटरला चॅनल सोडावा लागतो, तेव्हा सगळ्यांचंच कनेक्शन तुटतं. हार्ड डिस्क उजव्या पोर्टला. लॅपटॉप आता ५ वर असल्यामुळे डिस्कचा तसा त्रास नाही, पण माउस २.४ चाच आहे.

तुमचं लिंक स्पीड आत्ताच ४३३ असेल आणि प्लॅन ४०-५० चा असेल तर नवीन कार्डाने कणभर फरक पडणार नाही, ते सांगायचं राहिलं होतं. वॉरंटीत असेल किंवा कार्ड डागलेलं असेल तर ५ गिगाहर्ट्झवालं यूएसबी अडॅप्टर घ्या, पण ते छोटं नखाएवढं नको, त्यात अँटेनाला जागाच नसते आणि गरमही होतं, जरा मोठं घ्या आणि फूटभर एक्स्टेन्शन वायरवर लावा. आणि टेबल एकाच जागी असेल आणि राउटरपासून वायर नेता येत असेल तर लॅन केबलसारखं काही नाही, फक्त स्वस्त लॅपटॉपमध्ये लॅन पोर्ट बऱ्याचदा १०० एमबीपीएसचाच असतो हे धरून चाला.

ताईचं जुनं कार्ड फेकलं नाही, नव्या कार्डाच्या पिशवीत घालून वर मॉडेल आणि तारीख लिहून लॅपटॉपच्या खोक्यात ठेवलंय. नव्याला वॉरंटीत द्यायची वेळ आली तर तोपर्यंत तिचं काम थांबायला नको.